वाचनाची हजेरी

सुशिक्षित मंडळींची बैठक कोठेंही जमो, लग्नघरीं जमो, व्याख्यान संपल्यावर सभागृहाच्या पायऱ्यांवर जमो किंवा रविवारच्या चहाला जमो, हवापाणी, बदल्या आणि मुलांच्या परीक्षा ह्यांचा समाचार आटोपला म्हणजे एक प्रश्न हटकून निघतो: "सध्यां काय वाचतां?" प्रश्न चांगला आहे. जागांचे भाव आणि दुसऱ्यांच्या घरांतील भानगडी ह्यांपेक्षां तो केव्हांही बरा. आमची तक्रार प्रश्नाविषयीं नाहीं. त्याला जें उत्तर मिळतें त्याविषयीं आहे. उत्तरादाखल पुस्तकांचीं चार नांवें सांगितलीं जातात. विचारणारा मान डोलावतो, आपलींही चार नांवें ऐकवितो, आणि आपण साहित्यचर्चा केली ह्या समाधानांत दोघेही फराळाकडे वळतात. पुस्तकांत काय होतें, तें पटलें कीं नाहीं, कोठें कंटाळा आला, कोठें झोंप उडाली, ह्यांपैकीं एक अक्षर कोणी उच्चारीत नाहीं, आणि कोणी विचारीतही नाहीं.

शाळेंत मास्तर नांव पुकारतात आणि मुलगा "हजर" म्हणून ओरडतो. तेवढ्यावरून त्याला त्रैराशिक आलें असें कोणी समजत नाहीं. आमच्या वाचनप्रेमी समाजानें मात्र हजेरी हीच परीक्षा ठरविली आहे. पुस्तकाचें नांव घेतलें कीं वाचक उत्तीर्ण. ही रीति निरुपद्रवी आहे असें पुष्कळांना वाटतें. आम्हांस ती तशी वाटत नाहीं. तिनें वाचनाचें, मराठी पुस्तकाचें आणि आमच्या घरांतील पुढच्या पिढीचें प्रत्यक्ष नुकसान होत आहे, हें दाखविण्याचा येथें उद्देश आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाचन ही एकांताची वस्तु आहे, चार लोकांत तिची वाच्यता करणें हाच मुळीं उथळपणा होय, असें म्हणणारा एक गंभीर वर्ग आहे. आम्ही त्या वर्गांतले नव्हों. आमच्या देशांत वाचन हें एकट्याचें असें फारसें कधीं नव्हतेंच. चातुर्मासांत ओसरीवर 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' सुरू झाला म्हणजे वाचणारा एक आणि ऐकणारीं सारीं आळी, अशी व्यवस्था असे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही कालचा अध्याय कोठें थांबला हें ठाऊक असे. छापखाना आला, पुस्तक स्वस्त झालें, तेव्हां कोठें मुकाट्यानें डोळ्यांनीं वाचण्याची संवय सर्वत्र पसरली. त्यानंतरही वाचन सामायिकच राहिलें. रत्नागिरीस १८२८, नाशकास १८४०, पुण्यास १८४८ आणि कोल्हापुरास १८५० सालीं जीं ग्रंथालयें निघालीं, त्यांचा अर्थच हा कीं, एकाला परवडत नाहीं तें दहांनीं मिळून घ्यावें आणि दहांनीं मिळून वाचावें. १८९० सालीं हरि नारायण आपट्यांनीं 'करमणूक' साप्ताहिक काढलें आणि त्यांत 'पण लक्षांत कोण घेतो?' क्रमशः येऊं लागली, तेव्हां "सध्यां काय वाचतां?" हें विचारण्याची गरजच नव्हती. वाचणारे सारे एकाच वेळीं एकच प्रकरण वाचीत होते, आणि यमूचें पुढें काय होणार ह्याची चिंता एकाच आठवड्यांत घरोघरीं वाहत होती. तेव्हां वाचलेलें दुसऱ्यास सांगणें ही नवी टूम नव्हे. ती आमची जुनी आणि चांगली रीति आहे.

परंतु त्या रीतींत सांगितलें काय जात होतें, हें पाहिलें पाहिजे. पोथी ऐकून उठलेला श्रोता "आज एक अध्याय झाला" एवढेंच सांगून गप्प बसत नसे; कर्णाचें चुकलें कीं धर्माचें, ह्यावर तो शेजाऱ्याशीं हुज्जत घाली. समर्थांनीं 'दासबोधां'त नवविधा भक्तीचें निरूपण केलें त्यांत श्रवणाला पहिला मान दिला आहे. पण श्रवणानंतर मनन न झाल्यास तें श्रवण वायां गेलें, ही समजूत आमच्या परंपरेंत किती मुरलेली आहे हें सांगणें नको. १९३३ सालीं 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झालें तेव्हांची गोष्ट पाहावी. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनांतील गोष्टी एका स्त्रीनें 'विभावरी शिरूरकर' ह्या टोपणनांवाखालीं उघड बोलून दाखविल्या, आणि मराठी समाजांत एकच खळबळ उडाली. ही बाई कोण, ह्याचे तर्क चालले. कोणी निषेध केला, कोणी बाजू घेतली. त्या भांडणांतला पुष्कळसा भाग अनुदार होता हें खरें. परंतु त्या भांडणानें एक गोष्ट सिद्ध झाली कीं, लोकांनीं पुस्तक वाचलें होतें. १९७८ सालीं दया पवारांचें 'बलुतं' आलें तेव्हां ज्या मध्यमवर्गीय वाचकानें तें मनापासून वाचलें, त्याला आपल्याच गांवकुसाबाहेर काय चाललें होतें आणि आपण त्याकडे कसे पाहत आलों, ह्याचा हिशेब स्वतःशीं मांडावा लागला. अशा पुस्तकाचें नुसतें नांव यादींत घालणें म्हणजे तो हिशेब टाळण्याची सभ्य युक्ति होय.

आतां ह्या हजेरीचे प्रकार पाहूं. पहिला प्रकार संख्यावाल्यांचा. वर्षारंभीं संकल्प सोडावयाचा आणि वर्षअखेर आंकडा जाहीर करावयाचा, हा त्यांचा नेम. समजा, कोणी आठवड्यास एक ह्या मानानें वर्षांत ५२ पुस्तकें वाचलीं आणि प्रत्येकाचीं पानें ३०० धरलीं, तर १५,६०० पानें झालीं. रोजचीं सुमारें ४३. हें अशक्य नाहीं, आणि कोणी करीत असल्यास आम्ही त्याचें अभिनंदनच करूं. परंतु ह्या हिशेबांत पुनर्वाचनाला जागा कोठें आहे? ज्ञानेश्वरींत सुमारें ९,००० ओव्या आहेत. एखाद्या गृहस्थानें सबंध वर्ष तिचा एकच अध्याय फिरून फिरून वाचला आणि त्या अध्यायानें त्याचें बोलणें वागणें बदललें, तर संख्यावाल्यांच्या वहींत त्याच्या नांवापुढें शून्य पडेल. ज्या मोजमापांत ज्ञानेश्वरीचा खरा वाचक नापास होतो, तें मोजमाप वाचनाचें नव्हे, पानें उलटण्याचें आहे.

दुसरा प्रकार देखाव्याचा. पुस्तक, त्याशेजारीं चहाचा पेला, जमल्यास खिडकींतला पाऊस, असें छायाचित्र काढून दहा परिचितांस धाडावयाचें. मुखपृष्ठ दिसतें, पुस्तक उघडलें होतें कीं नाहीं हें दिसत नाहीं. तिसरा प्रकार सरसकट गौरवाचा. "वाचनीय", "संग्राह्य", "अंतर्मुख करणारें", "प्रत्येकानें वाचलेंच पाहिजे": हीं विशेषणें अशीं आहेत कीं, पाकशास्त्रापासून वेदांतापर्यंत कोणत्याही पुस्तकाला तीं बेतशीर बसतात. जो अंगरखा सर्वांना होतो तो कोणासाठींच बेतलेला नसतो. चौथा प्रकार सर्वांत शिष्ट आणि आमच्या मतें सर्वांत घातक आहे. तो म्हणजे आधीं तीन इंग्रजी नांवें आवाज चढवून सांगावयाचीं, आणि मग आवाज उतरवून, जणु कांहीं एखाद्या जुन्या संवयीची माफी मागावी तसें म्हणावयाचें, "अधूनमधून मराठीही वाचतों."

इंग्रजी वाचण्याला आमचा विरोध आहे असें कोणी समजूं नये. मराठी भाषेचा अभिमान ज्यांनीं एका पिढीला शिकविला ते विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजी ग्रंथांचे निस्सीम वाचक होते. जॉन्सनच्या 'रासेलस'चें जें भाषांतर त्यांच्या वडिलांनीं, कृष्णशास्त्र्यांनीं, हातीं घेतलें होतें तें त्यांनीं पुरें केलें, आणि १८७४ सालीं 'निबंधमाला' काढली तेव्हां त्या इंग्रजी वाचनाचें सारें भांडवल मराठींत गुंतविलें. वाचलेलें इंग्रजी, पण त्याचा झाडा दिला मराठींत, हें त्यांचें धोरण. आजच्या यादीवाल्याचें इंग्रजी वाचन मराठींत कधींच उतरत नाहीं. तो मराठींत केवळ त्या पुस्तकांचीं नांवें सांगतो. ह्यानें इंग्रजीची सेवा होत नाहीं, मराठीचीही नाहीं. सेवा होते ती सांगणाराच्या प्रतिष्ठेची.

ह्यावर आक्षेप निघतील हें आम्ही जाणून आहों, आणि त्यांतला पहिला आक्षेप वजनदार आहे. "वाचन आधींच ओसरत चाललें आहे, अशा दिवसांत जे थोडे लोक वाचतात त्यांना तुम्ही नाउमेद कां करतां? नांवें तर नांवें. ऐकून एखादा तरी पुस्तक हातीं घेईल." हें म्हणणें सद्हेतूचें आहे, पण तें अनुभवाला टिकत नाहीं. नांवांच्या यादीनें न वाचणारा वाचूं लागत नाहीं. उलट थोडें वाचणारा गप्प होतो. दुपारचीं कामें आटोपून फिरत्या वाचनालयाचा दिवाळी अंक वाचणारी गृहिणी, गाडींतल्या प्रवासांत रहस्यकथा वाचणारा कारकून, निवृत्तीनंतर प्रथमच कादंबरी उघडणारे आजोबा, हीं सारीं माणसें त्या बैठकींत बसलेलीं असतात. त्यांच्याजवळ सांगण्यासारखें असतें. त्या गोष्टींतल्या सासूचें वागणें कां पटलें नाहीं हें ती गृहिणी अशा नेमकेपणानें सांगेल कीं टीकाकारानें ऐकत राहावें. परंतु समोरून भारदस्त नांवांची फैर झडली कीं आपलें वाचन सांगण्याजोगें नाहीं अशी तिची खात्री होते. बाबूराव अर्नाळकरांनीं हजारांवर रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या बोटाला धरून कितीतरी मराठी माणसें वाचनाच्या वाटेला लागलीं. त्यांतल्या किती जणांनीं पुढें विद्वानांच्या मेळाव्यांत तें नांव उच्चारलें? हजेरीची रीति वाचक वाढवीत नाहीं. ती प्रामाणिक वाचकाला लाज शिकविते.

दुसरा आक्षेप: "आम्ही साधे वाचक; गुणदोषविवेचन हें प्राध्यापकांचें काम." हा विनय आम्हांस खरा वाटत नाहीं, कारण हाच गृहस्थ नाटक पाहून आला कीं नटाच्या उच्चारापासून पडद्याच्या रंगापर्यंत सर्वांवर मत देतो, आणि आमटींत मीठ कमी पडलें हें सांगण्यासाठीं त्याला पाकशास्त्राची पदवी लागत नाहीं. मग पुस्तकापुरतीच जीभ कां जड होते? कोणी प्रबंध मागत नाहीं. 'स्मृतिचित्रें' वाचल्यावर "अप्रतिम आत्मचरित्र" असें म्हणण्याऐवजीं कोणी एवढेंच म्हणावें कीं, वडिलांच्या सोंवळ्याच्या अतिरेकासारख्या आणि नवऱ्यानें अकस्मात् ख्रिस्ती होण्यासारख्या गोष्टी ही बाई सांगते, आणि तरी वाचकाकडे दयेची भीक मागत नाहीं, उलट त्याला हंसविते. हें तिला कसें साधलें ह्याचा मला उलगडा होत नाहीं. एवढ्या दोन वाक्यांनीं ऐकणाराच्या मनांत जी उत्कंठा उत्पन्न होईल ती पन्नास विशेषणांनीं होणार नाहीं. किंवा विश्राम बेडेकरांचें 'रणांगण' वाचून कोणी म्हणावें, "युरोपांतून निघालेल्या त्या बोटीवरच्या ज्यू निर्वासितांचें दुःख अंगावर आलें, पण चक्रधराच्या थंडपणाचा मला राग आला, आणि हा राग माणसाचा आहे कीं पुस्तकाचा, तें अजून ठरत नाहीं." असें बोलणारा माणूस टीकाकार नसेल; पण त्यानें १९३९ सालीं निघालेलें तें पुस्तक आज पुन्हां जिवंत केलें. "पन्नासाव्या पानावर सोडून दिलें" हें सुद्धां उत्तम उत्तर आहे, जर कां सोडलें तें सांगितलें तर.

तिसरा आक्षेप भिडेचा. मराठी साहित्याचें जग लहान; लेखक ओळखीचा, प्रकाशक सोयऱ्याचा; वाईट बोलून कशाला दुखवावें? आम्ही म्हणतों, जग लहान आहे म्हणूनच खरें बोलण्याची गरज अधिक. मराठी पुस्तकाची आवृत्ति म्हणजे हजार प्रती, हा जुना संकेत सर्वांस ठाऊक आहे, आणि तो हजाराचा आंकडा गांठणेंही कित्येक पुस्तकांना आतां जड जातें. एवढ्या लहान बाजारांत एका माणसाच्या शब्दाला मोठी किंमत असते. भिडेखातर "अवश्य वाचा" म्हणून कोणी एखादें सुमार पुस्तक घ्यावयास लावलें आणि घेणारा दोनदां फसला, तर तिसऱ्या वेळीं तो चांगलेंही घेत नाहीं. अशी खोटी स्तुति एका लेखकाला क्षणभर सुखविते आणि दहा लेखकांच्या वाचकाला कायमचा घालविते. भिडेची किंमत शेवटीं भाषा देते.

ह्यांत नाडलें जातें कोण, हा खरा प्रश्न आहे. ज्याच्यामागें जाहिरात आहे, पारितोषिक आहे, तें पुस्तक यादीवाल्यांवांचूनही चालेल. नाडलें जातें तें दूरच्या गांवीं राहणाऱ्या, नांव नसलेल्या लेखकाचें पहिलें पुस्तक. नाडलें जातें तें आवृत्ति संपून पुन्हां न निघालेलें जुनें पुस्तक. अशा पुस्तकाला एकच आधार असतो, तो म्हणजे एका वाचकानें दुसऱ्याचा हात धरून "हें पाहा, आणि ह्यासाठीं पाहा" असें सांगणें. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन् यांनीं १९३१ सालीं आपले पांच नियम मांडले, त्यांत वाचकाला त्याचें पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे दोन निरनिराळे नियम म्हणून सांगितले. त्याचें मर्म हेंच आहे. पुस्तकही आपल्या माणसाची वाट पाहत बसलेलें असतें.

सरकारनें कांहीं केलें नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. १९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याच्या अनुदानावर आज राज्यांत दहा हजारांहून अधिक ग्रंथालयें उभीं आहेत. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो. २०१७ सालीं सातारा जिल्ह्यांतील भिलार हें पुस्तकांचें गांव झालें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ह्या सर्व गोष्टींचें आम्ही स्वागत करतों. परंतु कायदा पुस्तक कपाटांत आणून ठेवूं शकतो, अनुदान कपाटावरची धूळ झटकूं शकतें; ह्यापलीकडे शासनाचा हात पोंचत नाहीं. कपाटापासून मनापर्यंतचें अंतर वाचकांनींच एकमेकांना काटून द्यावें लागतें. आणि तेंच काम आम्ही नांवांची यादी वाचून टाळीत आहों.

ह्याहूनही जवळचें नुकसान घरांतलें आहे. ज्या घरांत आईबाप वाचतात तें घर भाग्याचें, हें खरें. पण तेथलें मूल काय ऐकतें? पाहुण्यांपुढें इंग्रजी नांवें ताठ मानेनें सांगितलीं जातात आणि मराठी पुस्तक उशाखालीं दडविल्यासारखें राहतें. मुलाला व्याकरण समजत नसेल. आवाजांतला चढउतार त्याला बरोबर समजतो. मराठी ही भाजीवाल्याशीं आणि आजीशीं बोलावयाची भाषा, विचार करण्याची नव्हे, हा धडा त्याला कोणत्याही इंग्रजी शाळेनें शिकविण्यापूर्वीं आपल्याच दिवाणखान्यांत मिळालेला असतो. पुढें तोच मुलगा मराठी वाचीत नाहीं म्हणून आम्ही शाळेला दोष देतों. रात्रीं जेवतांना बापानें एकदां जरी म्हटलें असतें, "आज वाचलेल्या कथेंतल्या म्हाताऱ्यानें शेत विकलें, मला तें पटलें नाहीं, तुला काय वाटतें?" तर त्या मुलानें कथा वाचली नसती तरी वाद घातला असता, आणि वादासाठीं पुढें कथाही वाचली असती.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें. वाचनप्रेमी मंडळींनीं भेटावें, अवश्य भेटावें, आणि काय वाचतां हें विचारावें. पण पांच नांवांऐवजीं एकच पुस्तक सांगावें. त्यांतली एक विशिष्ट गोष्ट सांगावी. पटली नाहीं ती आधीं सांगावी. अर्धवट सोडलेलें पुस्तक अर्धवट म्हणून सांगण्यास संकोच करूं नये, आणि दुसऱ्यांदा वाचलेलें पुस्तक नव्यापेक्षां अधिक मानाचें समजावें. मराठी पुस्तकाचें नांव घेतांना आवाज उतरवूं नये. बैठकींत जो गप्प बसला असेल त्याला प्रथम विचारावें. आणि विचारणारानें नांव ऐकून मान डोलावूं नये, दुसरा प्रश्न विचारावा: "बरें, त्यांत आहे काय?"

हा दुसरा प्रश्न कांहीं जणांना उद्धट वाटेल. वाटूं द्या. ज्यानें पुस्तक वाचलें आहे त्याला त्या प्रश्नासारखा आनंद नाहीं, कारण तो इतका वेळ त्याचीच वाट पाहत होता. ज्यानें वाचलें नाहीं त्याची मात्र थोडी पंचाईत होईल; पण त्या पंचाइतीनें तो घरीं जाऊन पुस्तक उघडील, हा संभव यादी ऐकून मिळणाऱ्या समाधानापेक्षां शतपटीनें हितकर आहे.